मैदान मोकळं होतं तेव्हा: ॲन्सन डॉरन्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल

आधी एक हिशेब. 45 मोसम, 934 विजय, 88 पराभव, 53 बरोबरी. म्हणजे पंचेचाळीस वर्षं एकाच संघाला शिकवून दर वर्षी सरासरी दोनसुद्धा सामने न हरलेला माणूस. त्याचं नाव ॲन्सन डॉरन्स. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा हा कोच. अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव तिथे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या दुसऱ्याच खेळाने पटकावलंय. आपण आपलं फुटबॉलच म्हणू.

आणि हो, हा माणूस जन्माने मुंबईकर. 9 एप्रिल 1951, मुंबई. वडील तेल कंपनीत अधिकारी, त्यामुळे बदल्या सतत. भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम, स्वित्झर्लंड असं फिरत मुलगा वाढला. त्याच्या जन्माच्या आदल्याच महिन्यात भारताने दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत इराणला 1-0 हरवून फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, मला सांगायला आवडतं एवढंच.

आता आपल्याकडच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की कॉलेजच्या संघाचा कोच एवढा मोठा कसा? आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठवडाभर आधी जिमखान्याच्या सरांनी गोळा केलेली पोरं. टी-शर्ट मिळाला तर नशीब. अमेरिकेत तसं नाही. तिथे सतरा-अठरा वर्षांच्या गुणी खेळाडूपुढचा मुख्य रस्ता क्लबमधून नव्हे, विद्यापीठातून जातो. विद्यापीठ तिला हेरतं, फीमध्ये सवलत किंवा पूर्ण शिष्यवृत्ती देतं, आणि ती चार वर्षं त्यांच्यासाठी खेळते. कोच हा विद्यापीठाचा पूर्णवेळ पगारी माणूस. त्याच्या हाताखाली सहायक, फिजिओ, ट्रेनर. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय अंतिम सामन्याने संपतो. हे सगळं चालवणारी संघटना म्हणजे एनसीएए.

मुलींना मात्र ही सोय मिळाली ती एका कायद्यामुळे. जून 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेला शिक्षणविषयक कायदा, त्यातलं नववं प्रकरण, म्हणून नाव ‘टायटल नाईन’. मूळ वाक्य इंग्रजीत अवघ्या 37 शब्दांचं. आशय असा की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून कुणाला वगळायचं नाही, कुणाशी भेदभाव करायचा नाही. यात खेळ हा शब्दच नाही. पण खेळही शिक्षणसंस्थेच्याच छताखाली येतात, आणि सरकारी पैसा तर जवळपास प्रत्येक विद्यापीठ घेतं. त्यामुळे मुलांचे डझनभर संघ आणि मुलींच्या हातात भोपळा, हे चालणार नाही असं हळूहळू स्पष्ट झालं. सरकारने नियम बनवले 1975 मध्ये आणि ते अमलात आणायला विद्यापीठांना 1978 पर्यंत मुदत दिली.

पुढची मेख पैशांची आहे. अमेरिकन फुटबॉलच्या एका बड्या संघात तेव्हा 95 शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या सगळ्या मुलांना जात. तराजूच्या या पारड्यात एवढं वजन पडल्यावर दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं? मुलींसाठी असा खेळ हवा की ज्यात पंचवीस-तीस जणी सहज मावतील, मैदान आधीच असेल आणि सामानाचा खर्च बेताचा असेल. फुटबॉल त्यात चपखल बसला. दोन गोलपोस्ट आणि चेंडू, झालं. 1982 मध्ये एनसीएएची मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तिच्यात 12 संघ होते. 2001 मध्ये ते 64 झाले. मुलींच्या फुटबॉलवर अमेरिकेचं काही विशेष प्रेम होतं म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. कायद्याचा हिशेब जुळवायचा होता, आणि हा खेळ त्या हिशेबात बसत होता.

डॉरन्स तिथे पोचले ते जवळजवळ अपघातानेच. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ चॅपेल हिल या गावात आहे. तिथल्या मुलांच्या संघातून ते खेळले, 1974 मध्ये इंग्रजी आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले, मग वकिलीच्या अभ्यासाला लागले. 1977 मध्ये मुलांच्या संघाचे कोच झाले तेव्हा वकिलीचा अभ्यास चालूच होता. त्याच विद्यापीठात काही मुली क्लब म्हणून आपापल्या खेळत होत्या. आम्हाला विद्यापीठाचा अधिकृत संघ करा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. क्रीडा विभागाचे प्रमुख बिल कोबी यांनी डॉरन्सना त्यांचा खेळ बघायला पाठवलं आणि नंतर विचारलं, दोन्ही संघ सांभाळशील का? दोन संघांमुळे नोकरी पूर्णवेळ होणार होती. वकिली सुटली. साल 1979.

म्हणजे संघ मागितला मुलींनी, हे लक्षात ठेवायला हवं. डॉरन्स यांच्या आधी त्या तिथे होत्या.

त्या वेळी मुलींच्या कॉलेज खेळांची स्वतंत्र संघटना होती, एआयएडब्ल्यू. डॉरन्स आणि आणखी एका कोचने तिच्या मागे लागून 1981 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरवून घेतली. ती चॅपेल हिललाच झाली आणि नॉर्थ कॅरोलायनाने सेंट्रल फ्लोरिडाला 1-0 हरवून जिंकली. पुढच्या वर्षी एनसीएएने मुलींच्या खेळात उतरून ती जुनी संघटना गिळूनच टाकली. स्पर्धा बदलली, विजेता बदलला नाही. 1982, 1983, 1984. मग 1985 च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून 0-2 अशी हार. त्यानंतर 1986 ते 1994 सलग नऊ विजेतेपदं. सलग नऊ म्हणजे काय, तर कॉलेजची चार वर्षं धरली तर मुलींच्या दोन अख्ख्या पिढ्या आल्या आणि दुसरं काही न बघता गेल्या. या काळात सलग 103 सामने संघ हरला नाही. ती मालिका सप्टेंबर 1990 मध्ये कनेटिकटने 3-2 अशी तोडली. मग पुन्हा सलग 92 विजय, आणि 1994 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाशी 0-0 बरोबरी होऊन तीही मालिका थांबली.

कुणी म्हणेल, प्रतिस्पर्धीच नव्हते तर जिंकायला काय लागतं? हा आक्षेप अर्धा खरा आहे. मैदान मोकळं होतं. संघ थोडे होते, त्यातही पूर्णवेळ कोच असलेले आणखी थोडे. पण मोकळं मैदान बाकीच्यांसमोरही होतं. मग नऊ वर्षं एकाच घरी कप कसा राहिला, याचं उत्तर सरावाच्या पद्धतीत सापडतं.

त्याच विद्यापीठात बास्केटबॉलचे कोच होते डीन स्मिथ, अमेरिकेत दंतकथा झालेला माणूस. त्यांच्या सरावाला जाऊन बसल्यावर डॉरन्सना दिसलं की मदतनीस वह्या घेऊन उभे आहेत आणि प्रत्येक खेळाडूची प्रत्येक गोष्ट टिपली जातेय. सरावातही कोण जिंकलं, कोण हरलं, याची नोंद. डॉरन्सनी ती कल्पना उचलली आणि वाढवली. एकास एक झुंज, वेग, दमसास, हेडर, पास, नेमबाजी, सगळ्याला गुण. गुणांवरून क्रमवारी, आणि ती क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर. पहिली कोण तेही दिसतं, शेवटची कोण तेही.

या पद्धतीचं इंग्रजी नाव मोठ्या उकळत्या भांड्यावरून आलंय. मला मात्र गुऱ्हाळातली काहील आठवते. रस ओतायचा, खाली जाळ लावायचा, मळी वर येते ती काढत राहायची आणि उरेल ते आटवायचं. मुली त्या काहिलीत रोज असायच्या. सामना त्या मानाने सोपा, कारण समोरच्या संघात आपल्या सोबतिणींइतक्या चिवट कुणी नसायच्या.

हे ऐकून दहावीच्या वर्गात गुणांची यादी लावणारे मास्तर आठवले असतील तर ते बरोबरच आहे. पण इथे एक फरक होता, तो समजून घेण्यासारखा आहे. त्या काळात वाढलेल्या बऱ्याच मुलींना जिंकायची भूक लपवायला शिकवलेलं होतं. मैत्रिणीला धक्का देऊन चेंडू घेतला तर ती रुसेल, सगळ्या मिळून आपल्याला वाळीत टाकतील, ही भीती खरी होती. 1983 मध्ये आलेली एप्रिल हाइनरिक्स सरावातही कुणाला सोडत नसे, आणि बाकीच्या मुलींना ते जाचत होतं. तिला जरा मवाळ व्हायला सांगणं कोचला सोपं होतं. डॉरन्सनी तिला तसंच ठेवलं आणि संघाला तिच्या पातळीवर यायला लावलं. भिंतीवरच्या त्या कागदाने एक परवानगी दिली. सरावात मैत्रिणीला हरवणं हा उद्धटपणा नाही, ते इथलं कामच आहे. ही परवानगी मुलांना कधी मागावी लागली नव्हती.

डॉरन्स दहा-बारा वर्षं मुलांचा आणि मुलींचा संघ एकाच वेळी शिकवत होते, त्यामुळे तुलना त्यांच्या हातात आयती होती. त्यांचं एक निरीक्षण पुढे कोच मंडळींत म्हणीसारखं फिरलं. हरल्यावर संघाला एकत्र बसवून रागवा. मुलांपैकी प्रत्येकाला वाटतं, सर बोलतायत ते बरोबर आहे, बाकीच्यांनी सुधारायला हवं. मुलींपैकी प्रत्येकीला वाटतं, हे माझ्याबद्दलच चाललंय. म्हणून मुलींसमोर आवाज चढवणं त्यांनी कमी केलं आणि एकेकीशी बसून बोलणं वाढवलं. मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी ते चौथ्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूबद्दल पत्र लिहीत आणि ती पत्रं संघासमोर वाचत. खेळात ती किती चांगली याबद्दल कमी, माणूस म्हणून कशी याबद्दल जास्त. स्त्री-पुरुषांबद्दलची अशी सरसकट विधानं मला जरा सावधपणेच घ्यावीशी वाटतात. 1985 च्या मुली आणि आजच्या मुली एक नाहीत. पण पत्रांचा उपयोग झाला याबद्दल शंका नाही.

पत्रांवरून मिया हॅम. महिला फुटबॉलमधलं पहिलं जगभर पोचलेलं नाव. ती चौदा वर्षांची असताना डॉरन्स तिला बघायला गेले. तिथल्या कोचला त्यांनी बजावलं, कोणती पोरगी ते सांगू नका, मला ओळखता येतं का बघतो. सामना सुरू होताच एका मुलीने चेंडूमागे जी झेप घेतली, ती पाहून त्यांना विचारायची गरजच उरली नाही. 1987 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती चीनमध्ये अमेरिकेच्या संघातून खेळली. पुढे चॅपेल हिलला ती 95 सामने खेळली आणि त्यांत संघ एकदाच हरला. एका सकाळी कामावर जाताना डॉरन्सना ती मैदानावर एकटीच दिसली. धावायची, गुडघ्यांवर हात टेकून वाकायची, घामाने निथळत पुन्हा धावायची. त्यांनी गाडी थांबवली नाही. नंतर तिला चिठ्ठी लिहिली. कुणी बघत नसताना असं दमून वाकलेली खेळाडू म्हणजेच विजेती, असा तिचा आशय. ती चिठ्ठी आज अमेरिकेतल्या शाळांच्या भिंतींवर पोस्टर होऊन लटकते.

मैदानावरचा त्यांचा खेळ अगदीच धसमुसळा वाटायचा, निदान युरोपियन डोळ्यांना. पुढे तीन आघाडीच्या खेळाडू, चेंडू गेला की तिथल्या तिथे झडप घालून परत घ्यायचा, समोरच्या बचावफळीला श्वास घेऊ द्यायचा नाही. याला कॉलेजच्या नियमांची साथ होती. तिथे बदली खेळाडूंना मोकळीक भरपूर. बाहेर गेलेली मुलगी दुसऱ्या सत्रात परतही येऊ शकते. डॉरन्स राखीव खेळाडूंची फळीच्या फळी आत सोडत. समोरच्या अकरा जणी थकलेल्या आणि यांच्या ताज्या. बाहेरचे टीकाकार म्हणत, हे खरं फुटबॉल नव्हे. असेलही. पण पंधरा वर्षं त्यावर उतारा फारसा कुणाला सापडला नाही.

हाच खेळ त्यांनी देशाच्या संघातही नेला. अमेरिकेचा महिला संघ 1985 मध्ये इटलीत पहिल्यांदा खेळला आणि चारपैकी एकही सामना जिंकू शकला नाही. 1986 मध्ये डॉरन्स त्याचे कोच झाले, कॉलेजची नोकरी सांभाळून. 1991 मध्ये फिफाने महिलांची पहिली जागतिक स्पर्धा चीनमध्ये भरवली. 12 संघ होते आणि सामने 80 मिनिटांचे, कारण बायकांना नव्वद झेपतील की नाही याची शंका होती! पात्रता फेरी हैतीत झाली तिथे अमेरिकेने पाच सामन्यांत 49 गोल केले, एकही खाल्ला नाही. चीनमध्ये उपांत्य फेरीत जर्मनीला 5-2, आणि 30 नोव्हेंबरला ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात नॉर्वेला 2-1. दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. कप्तान होती तीच एप्रिल हाइनरिक्स. जगज्जेत्या घरी आल्या तेव्हा देशाला पत्ताही नव्हता. 1994 मध्ये डॉरन्सनी राष्ट्रीय संघ सोडला. नंतर 1999 मध्ये भरगच्च स्टेडियममध्ये अमेरिका पुन्हा जिंकली आणि जगाचं लक्ष गेलं ते तेव्हा.

आता न आवडणारा भाग. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स आणि विद्यापीठाविरुद्ध लैंगिक छळाचा दावा दाखल केला. संघातल्या मुलींच्या खाजगी आयुष्याबद्दल कोच चौकशा आणि शेरेबाजी करतो, असा आरोप होता. डॉरन्सनी छळाचा आरोप नाकारला, मात्र अशा थट्टामस्करीत भाग घेतल्याचं मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. एक दावा 2004 मध्ये 70 हजार डॉलरवर मिटला. दुसरा खालच्या कोर्टाने फेटाळला होता. अपील कोर्टाच्या पूर्ण पीठाने 2007 मध्ये तो पुन्हा उभा केला आणि 2008 च्या सुरुवातीला 3 लाख 85 हजार डॉलरवर तडजोड झाली. नोकरी टिकली. मिया हॅमची चिठ्ठी सांगताना हे गाळणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. एकेकीला जवळ बसवून बोलण्याची, तिचं सगळं माहीत असण्याची जी पद्धत त्यांची ताकद म्हणून सांगतात, तिच्यातच ही घसरण दडलेली होती. अठरा वर्षांच्या मुलीची शिष्यवृत्ती आणि संघातली जागा ज्याच्या हातात, त्याची थट्टा ही बरोबरीच्या माणसाची थट्टा नसते.

विजेतेपदांचा आलेख बघा. 1982 ते 2000 या 19 स्पर्धांत 16. 2001 ते 2012 या 12 स्पर्धांत 5. 2013 ते 2023 या 11 स्पर्धांत शून्य. म्हातारपण म्हणून विषय संपवता येईल, पण मला ते खोटं वाटतं. याच शेवटच्या काळात संघ 2018, 2019 आणि 2022 अशा तीन अंतिम सामन्यांत पोचला होता. खरी गोष्ट अशी की मैदान मोकळं राहिलं नव्हतं. प्रत्येक विद्यापीठाने पूर्णवेळ कोच नेमले, शिष्यवृत्त्या दिल्या, गावोगाव मुलींचे क्लब निघाले. एक हुशार मुलगी आता स्टॅनफर्डला जाऊ शकत होती, फ्लोरिडा स्टेटला, लॉस एंजेलिसला. तेच डावपेच सगळ्यांना पाठ झाले. आणि अगदी अलीकडे आणखी एक दार उघडलं. व्यावसायिक लीगमधले क्लब मुलींना कॉलेज अर्धवट सोडून करारावर घेऊ लागले, आणि खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणंही सोपं झालं. पहिल्या वर्षी हेरलेली पोर चौथ्या वर्षी आपल्याकडेच असेल, या भरवशावर डॉरन्सची सगळी रचना उभी होती. चार वर्षं आटवायलाच मिळाली नाहीत तर काहिलीचा काय उपयोग?

त्यातला 2022 चा सामना तर बघवत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध नॉर्थ कॅरोलायना 2-0 ने पुढे. कॉलेज फुटबॉलमध्ये घड्याळ उलटं धावतं, शून्याकडे, त्यामुळे किती सेकंद उरले ते सगळ्या स्टेडियमला दिसत असतं. 16 सेकंद उरले असताना यूसीएलएने बरोबरी साधली आणि जादा वेळेत 3-2 ने जिंकला. समोरची कोच मार्गरीट आओझासा त्या पदावर पहिल्याच वर्षी होती.

डॉरन्सच्या मुली मात्र सगळीकडे पसरल्या होत्या. हाइनरिक्स पुढे स्वतः अमेरिकेच्या संघाची कोच झाली. क्रिस्टीन लिली देशासाठी 354 सामने खेळली, हा आजही जागतिक विक्रम आहे. इंग्लंडने 2022 ची युरोपियन स्पर्धा जिंकली तेव्हा त्या संघातल्या लूसी ब्रॉन्झ, अलेसिया रूसो आणि लॉटे वुबन-मॉय या तिघी चॅपेल हिलला राहून गेलेल्या होत्या.

11 ऑगस्ट 2024 रोजी, नवा मोसम चार दिवसांवर आला असताना, 73 वर्षांच्या डॉरन्सनी निवृत्ती जाहीर केली. संघ सहायक डेमन नाहास यांच्याकडे गेला. चार महिन्यांनी, 9 डिसेंबरला, राष्ट्रीय अंतिम सामना कॅरी गावात होता. चॅपेल हिलपासून अर्ध्या तासाचा रस्ता. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना हे गाव चांगलं ठाऊक आहे. तिथल्या शनिवार-रविवारच्या मैदानांवर मराठी आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेला उभे असतात आणि त्यांच्या मुली गुडघ्यापर्यंत मोजे ओढून चेंडूमागे पळत असतात. समोर होता वेक फॉरेस्ट, त्याच राज्यातला संघ. डॉरन्सनी 1979 मध्ये सुरुवात केली तेव्हा वेक फॉरेस्टकडे मुलींचा विद्यापीठ संघच नव्हता. नॉर्थ कॅरोलायना 1-0 ने जिंकली. सगळ्या मुली डॉरन्स असतानाच आलेल्या. जुन्या संघटनेचं 1981 चं धरून विद्यापीठाच्या यादीत हे तेविसावं विजेतेपद. डॉरन्सच्या नावावर बावीसच आहेत.